पेडलखालचा पाय

नमस्कार. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि वाचून झाले की नेमानं हसतो. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या खोलीतला पंखा आपोआप सुरू होतो... मी बायकोला म्हणतो, "स्विच गेला असेल." मी मेकॅनिक माणूस. उभा जन्म गाडीखाली आडवं पडून काढला. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं आहे, एवढंच माझं अध्यात्म. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण परवा बायको म्हणाली, "दुसऱ्यांचं वाचून हसता ना? मग आपलं पण छापा. लोकांना पण हसू द्या की."

धाराशिवला माझं गॅरेज आहे. आता मुलगा बघतो, पण डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागलेली गाडी आली की अजून मलाच हाक येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढं लागणार आहे. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात. जाम झालेलं चाक फिरत नाही, घसरतं. आणि घसरणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग तुम्ही कितीही फिरवा, ती सरळच जाते — हट्टाला पेटलेल्या म्हशीसारखी. एबीएस काय करतं, तर चाक जाम व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं... हे इतक्या झपाट्यानं चालतं की पायाखालचं पेडल धडधडायला लागतं. नवीन गाडी घेतलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा घाबरून येतं. "मिस्त्री, ब्रेक खालून लाथा मारतोय!" मी सांगतो, घाबरू नका, पाय काढू नका, गाडी तुमचंच काम करतेय.

पण ती लाथ मी पहिल्यांदा खाल्ली ती ज्या गाडीत, तिच्यात एबीएस नव्हतं. असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. जिल्ह्याचं नावसुद्धा तेव्हा उस्मानाबाद होतं, एवढी जुनी गोष्ट.

ऐंशीच्या आसपासचा दुष्काळ. बहात्तरचा पाहिलेली माणसं त्याला दुष्काळ म्हणायला तयार नव्हती, पण हंडे रिकामेच होते. मी मूळचा तेरचा. वाशीकडच्या एका सहकारी दूध संघात मेकॅनिक म्हणून लागलो होतो. संघाचं नाव सांगत नाही. चेअरमनसाहेब गेले, पण त्यांचे चिरंजीव हयात आहेत आणि ते वाचतात. तर जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि संघाचा दुधाचा टँकर पाणी वाहायला लागला. त्या पाण्याला दुधाचा वास यायचा म्हणून लोक तक्रार करायचे. दुधाला पाण्याची चव तर आधीपासूनच होती, त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

हा टँकर चालवायचे दादाराव वाघमारे. मिलिटरीतून आलेला माणूस. छप्पन साली वडिलांबरोबर दीक्षा घेतली तेव्हापासून देव, नवस, अंगारे, सगळ्याला कायमचा रामराम ठोकलेला. संघाच्या बाकीच्या गाड्यांना लिंबू-मिरच्या लटकलेल्या असत. यांच्या टँकरला कुणी बांधलीच तर हे लिंबू सोडून सरबत करून प्यायचे. दसऱ्याला बंपरवर नारळ फोडायला कुणी आलं की म्हणायचे, "नारळानं ब्रेक लागत आसता तर ह्या मिस्त्रीला पगार कशाला देत्यात?" आणि माझ्याकडं बघायचे. म्हणजे नारळवाल्याला मारलेला टोला मलाच लागायचा.

चप्पल काढून गाडी चालवायचे. ब्रेक तळपायाला कळला पाहिजे म्हणे. वाशीहून खाली गावांकडं उतरायला एक घाट आहे. मोठा नाही, पण वळणं वाईट. घाटमाथ्यावर दादाराव टँकर उभा करायचे, खाली उतरायचे आणि एकेका चाकाजवळ जाऊन आतल्या लोखंडी ब्रेक-ड्रमला हात लावून बघायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग वर चढून उताराला लागायचे, आणि ब्रेक कधीच दाबून धरायचे नाहीत. "दाब-सोड, दाब-सोड," हे त्यांचं पालुपद. "दाबून धरलं की चाक रुसतंय, मिस्त्री. रुसलेलं चाक आयकत न्हाय."

मी तेव्हा तरुण, आणि स्वतःला फार मोठा कारागीर समजणारा. मी म्हणायचो, "दादाराव, ब्रेक माझ्या हातचा आहे. दाबून धरा बिनधास्त."

"तुमच्या हातचा हाय म्हनूनच सोडतो," ते म्हणायचे.

आमचं पटत नव्हतं असं नाही. पण पटतं असंही कुणी म्हणालं नसतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला दादाराव गेले. घाटात वगैरे नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण या सदरातला ड्रायव्हर नेहमी घाटातच मरतो. दादाराव घरी जेवले, हात धुतले, बाजेवर आडवे झाले आणि गेले. शिस्तीचा माणूस. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ब्रेक जोडून झाला की मी वर बघायचो, आता कोण टोमणा मारतंय म्हणून.

आता माझ्या लग्नाकडं येतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथल्या अण्णांची मुलगी कुसुम मला सांगून आली होती. बघण्याचा कार्यक्रम झाला होता आणि मी पार गारद झालो होतो. तिनं पोहे पुढं ठेवताना विचारलं होतं, "गाडी दुरुस्त झाली, हे तुमाला कसं कळतं?" मला आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तिची आत्या म्हणाली, "बाई, आत जा." ते उत्तर घशातच राहिलं, आणि मी ठरवलं की हिला सांगायचं तर लग्नच करायला पाहिजे.

अडचण पाण्याची होती. लग्न मुलीच्या दारात. वऱ्हाड आलं तर त्याला प्यायला पाणी, स्वयंपाकाला पाणी, आंघोळीला पाणी. वाडीची विहीर तळाला गेलेली. अण्णांनी सरळ सांगितलं होतं, "तुमच्या संघाचा टँकर वाडीला येतोय तंवर लगीन. टँकर बंद पडला तर परंड्याचं स्थळ थांबलंय. त्येंच्या हिरीला पानी हाय." म्हणजे माझा सामना दुसऱ्या मुलाशी नव्हताच. एका विहिरीशी होता.

आणि नेमका तेव्हाच टँकर बिघडला.

दादारावांच्या जागी चेअरमनसाहेबांनी आपल्या मेहुण्यांचा भाचा घेतला होता — सर्जेराव. अंगानं तालमीतला गडी. ब्रेक असा मारायचा की समोरच्याचा नारळ फुटावा. एक दिवस हा टँकर यार्डात आणून उभा करतो काय, खाली उतरून लांब जाऊन बसतो काय... तोंडावर रक्त नाही.

"मिस्त्री," म्हणाला, "बिरेकच्या खाली कोनतरी हाय."

"कोण आहे?"

"आता ते मला काय ठावं? म्या पाय दाबला की त्यो खालनं पाय लावतोय. माजा पाय माघारी ढकलतोय."

मी हसलो. कारण मला निदान सापडलं होतं! ड्रम झिजून अंडाकृती झाला की फिरताना ब्रेकच्या शूला, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या पट्टीला, ठोसे देतो आणि ते ठोसे पेडलपर्यंत येतात. पुस्तकातलं दुखणं. मी चारही बाजूंचे ड्रम उतरवले, बार्शीला लेथवर पाठवून गोल करून आणले, जोडले, आणि सर्जेरावला म्हणालो, "जा, आता तुझा खालचा भाडेकरू गेला."

सर्जेराव घाटापर्यंत गेला आणि रिव्हर्समध्येच परत आला. वळवून आणायलासुद्धा थांबला नाही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी स्वतः सीटवर बसलो. टँकर यार्डात उभा, इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले. हळू पेडल दाबलं, अगदी लोण्यासारखं गेलं. परत दाबलं, छान. मग सर्जेरावच्या नावानं एक कचकचीत शिवी हासडून मी दोन्ही पायांनी पेडलवर उभाच राहिलो.

टक-टक-टक-टक-टक...

कुणीतरी खालून बोटांनी तळपायावर टिचक्या माराव्यात तसं. रागानं नाही, बरं का. शाळेत मास्तर पट्टीनं टेबलावर ठोकतात, "लक्ष कुठंय?" म्हणून, तसं.

मी पाय काढला. वाकून पेडलखाली बघितलं. तिथं काय असणार? धूळ होती आणि एक विडीचं थोटूक.

"दिसला का?" लांबून सर्जेरावनं विचारलं.

तुम्ही म्हणाल, मग ड्रमच. पण उभ्या गाडीत ड्रम फिरतो कुठं? तो गोल असो नाहीतर चौकोनी! मी मास्टर सिलिंडर उघडला. चाकांचे सिलिंडर उघडले, रबरं नवी घातली, ऑइल बदललं, लायनीतली हवा काढली, मग वाटलं टाकीतलं पाणी हिंदकळून धक्के देत असेल, म्हणून टाकी रिकामी करून बघितलं. रिकाम्या टँकरनं रिकाम्या हातानं टक-टक केलं. हळू दाबलं की काही नाही. राग धरून दाबलं की टिचक्या.

तोवर यार्डात सगळ्यांना कळलं होतं की हे दादाराव आहेत. चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे आवाज खाली आणून बोलायला लागले. मी भांडलो. म्हणालो, "अरे, दादाराव भूत होणं शक्यच नाही. त्यांना ते पटलंच नसतं!"

चेअरमनसाहेबांना मात्र पटलं. त्यांनी जवळच्या गावातला एक भगत बोलावला. भगत लिंबं, नारळ, भंडारा, मोरपिसं असा सगळा सरंजाम घेऊन आला. टँकरभोवती फेऱ्या झाल्या, लिंबं चिरली, धूप झाला. मग तो मोठ्या रुबाबात कॅबिनमध्ये चढला आणि त्यानं पेडलवर पाय ठेवून जोर लावला.

आत किती वेळ काय चाललं होतं कुणास ठाऊक. भगत उतरला. त्यानं न चिरलेली लिंबं पिशवीत भरली, मोरपिसं काखेला मारली.

"काय झालं?" चेअरमनसाहेब म्हणाले.

"साहेब, हे काम माज्याच्यानं हुनार न्हाय."

"का? लई जबर हाय का?"

"जबर न्हाय वो. पन आत जे कोन हाय..." भगतानं कपाळाचा घाम पुसला, "त्येचा माज्यावर इश्वासच न्हाय."

त्याच संध्याकाळी सर्जेराव मामांच्या गावी निघून गेला. टँकर यार्डात पडून राहिला. वाडीला पाणी बंद. दुसरा ड्रायव्हर मिळेना. भगतानं हात टेकल्यावर कोण बसणार?

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भर दुपारी अण्णा यार्डात हजर. पटका, कोट, हातात छत्री. उन्हानं लाल झालेले. हळद लागायला अजून आठवडा होता.

"मिस्त्री, पानी कवा?"

"अण्णा, ब्रेकचं काम जरा..."

"ब्रेकचं काम तुमचंच का दुसऱ्या कुनाचं?"

"माझंच."

"मग?" अण्णा छत्री टेकून उभे राहिले. "ज्येला गाडी थांबवता येत न्हाय, त्यो परपंच काय चालवनार? आज टँकर वाडीत आला तर लगीन. न्हाय आला तर सांजच्याला परंडेवाल्यास्नी हो म्हनून सांगावा धाडतो. माजा नाइलाज हाय बापू. पोरगी द्यायची म्हंजे पानी बघून द्यावी लागती."

मला अजून आठवतं, त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजच होती. त्याचंच मला जास्त लागलं. मी टाकी भरली, अण्णांना शेजारी बसवलं आणि गाडी काढली. लायसन होतं माझ्याकडं. भरलेला टँकर घाटात कधी उतरवला नव्हता, पण ब्रेक माझ्या हातचा होता ना!

घाटमाथ्यावर दादाराव थांबायचे ती जागा आली. थांबावं का, असं मनात आलं. पण शेजारी अण्णा परंड्याच्या विहिरीचं वर्णन करत होते — कशी बांधीव आहे, कशी कासवं सोडलीत — आणि मला तिथं थांबून चाकांच्या कपाळाला हात लावत बसायची लाज वाटली. मी तसाच उताराला लागलो.

"पन पोरगी तुमालाच द्यायची इच्छा हाय," अण्णा म्हणाले. "आमची कुसुम लई घरंदाज. उंबऱ्याच्या भाईर पाऊल न्हाय. तुमाला सांगतो, शेजारनीला सुदा तिचं तोंड..."

आणि वळण आलं.

त्या वळणाच्या पलीकडं रोजगार हमीचं काम चालू होतं. अख्ख्या रस्त्यावर सुटी खडी पसरलेली, आणि कडेला म्हणता म्हणता निम्म्या रस्त्यात बायका ओळीनं बसून दगड फोडत होत्या. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर पदर. हातोड्यांच्या आवाजात त्यांना गाडी ऐकू आली नाही. एकीनं मान वर केली आणि किंचाळली.

मी ब्रेकवर उभा राहिलो. दोन्ही पायांनी. सगळ्या जन्माचा जोर लावून.

मेकॅनिक म्हणून सांगतो, काय व्हायला हवं होतं ते. भरलेला टँकर, उतार, सुटी खडी. चाकं जाम व्हायला हवी होती आणि आम्ही सरळ त्या बायकांवरून जायला हवं होतं. मला ते त्या क्षणी माहीत होतं. ते माहीत असणं मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही.

आणि तळपायाखाली सुरू झालं. टक-टक-टक-टक-टक-टक... यार्डातलं ते मास्तरांचं ठोकणं नाही. घाईनं, जोरानं, एकसारखं. पाय वर उचलला जातोय, परत खाली जातोय, दाब-सोड, दाब-सोड, माणसाच्या पायाला जमणार नाही इतक्या झपाट्यानं. टँकरचं तोंड वळलं. बायकांना बगल देऊन तो रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाऱ्यापाशी गेला, ढिगाऱ्याला बंपर टेकवला आणि थांबला. म्हातारं माणूस काठीला टेकतं तसा.

सगळं शांत झालं. मग टाकीतलं पाणी पुढं आलं, वरचं झाकण उडालं आणि भला मोठा लोंढा टपावरून अण्णांच्या खिडकीतून आत. त्या दुष्काळात जिल्ह्यात एवढी आंघोळ कलेक्टरनंही केली नसेल. मी बघतो तर अण्णांचा पटका सुटून माझ्या हातात होता. तो कसा आला ते मला कळलं नाही, आणि विचारायची ती वेळ नव्हती.

खाली उतरलो. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. बायका उठून उभ्या होत्या. ओळीतली शेवटची, ढिगाऱ्याला अगदी लागून बसलेली, अजून बसूनच होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. तोंडावर दगडाची पांढरी धूळ, हातात हातोडा.

कुसुम.

मागून अण्णा उतरले. नखशिखांत ओले, बोडके. लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्या माणसाला कुठं तोंड लपवावं ते कळेना. लग्न ठरलेली मुलगी खडी फोडायला जाते हे आमच्याकडं कळू नये म्हणून किती जपलं होतं त्यांनी.

"आजच आली ती," अण्णा पुटपुटले. "सहज... बगायला."

 कुसुम उठली, हातोडा कमरेला खोचला आणि टँकरच्या मागं रस्त्यावर चालत गेली. वाकून बघायला लागली. मीही गेलो. खडीत घसरलेल्या गाडीच्या चाकांच्या दोन लांबलचक रेघा उमटतात, फरफटल्यासारख्या. इथं रेघा होत्या, पण तुटक. एवढीशी रेघ, मग मोकळं, परत रेघ, परत मोकळं... वळणापासून ढिगाऱ्यापर्यंत.

एक म्हातारी बाई म्हणाली, "आगं बया, धावदोरा घातलाय जनू."

"गाडी दुरुस्त झाली हे कसं कळतं म्हनून इचारलं होतं म्या," कुसुम माझ्याकडं न बघता म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता. कळलं."

मला रडू कोसळलं. सगळ्यांसमोर. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. टँकर वाडीत आला, वऱ्हाड पोटभर पाणी प्यालं, पाण्याला दुधाचा वास येतो म्हणून कुरकुरलंही. परंड्याची विहीर परंड्यातच राहिली. आणि त्या दिवसापासून पेडल बोललं नाही. मी यार्डात कितीदा तरी त्यावर उभा राहिलो, रागानं दाबलं, शिव्या देऊन दाबलं, शेवटी "दादाराव, चुकलो," असं म्हणूनही दाबलं. काही नाही. पुढं टँकर भंगारात गेला तेव्हा ब्रेकचा तुकडा न् तुकडा मी हातानं सुटा करून बघितला. जसा मी जोडला होता तसाच होता. माझ्या हातचा.

मग मधे कितीतरी वर्षं गेली. गॅरेज झालं, मुलं झाली. एबीएसच्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंगला गेलो. इन्स्ट्रक्टर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा इंजिनिअर. ओल्या फरशीवर गाडी पळवायची आणि जोरात ब्रेक दाबायचा. मी दाबला.

टक-टक-टक-टक-टक...

मी गाडीत मोठ्यानं ओरडलो, "दादाराव!"

इन्स्ट्रक्टरनं दचकून मागच्या सीटवर बघितलं. "कोण दादाराव?"

"आमचे ड्रायव्हर," मी म्हणालो. "आधीचे."

त्यानं मला पाणी पाजलं आणि सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक चाकाला सेन्सर, एक पंप, व्हॉल्व, एक छोटा कॉम्प्युटर. मी विचारलं, "आणि गाडी वळते ती पण तोच कॉम्प्युटर वळवतो का?" तो म्हणाला, "नाही काका. एबीएस गाडी वळू देतं, वळवत नाही. वळवायचं काम ड्रायव्हरचंच."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. कारण घरी येईपर्यंत बसमध्ये मी सगळ्याचा उलगडा केला होता. भीतीनं माझेच पाय थरथरले असणार! पाय थरथरले, ब्रेक दाबला-सुटला, चाकं जाम झाली नाहीत, आणि स्टिअरिंग मी वळवलं. यार्डातल्या टिचक्यांचं काय, असं मन विचारत होतं, पण ते मी बाजूला ठेवलं. भगताचे पण पाय थरथरले असतील. रात्री जेवताना मी कुसुमला हे सगळं ऐकवलं. शेवटी म्हणालो, "म्हणजे बघ, थांबवलं माझ्या पायांनी आणि वळवलं माझ्या हातांनी. उगाच इतकी वर्षं दादारावांना श्रेय देत बसलो."

कुसुम भाकरी थापत होती. थांबली. मग हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?"

"काही नाही. खा तुम्ही."

"सांग की!"

"अहो, मी समोर बसले होते ना? टँकर माझ्या अंगावर येत होता. मी काचेतून तुमच्याकडंच बघत होते, दुसरं काय बघणार?" तिनं हात पुसले. "तुमचे डोळे घट्ट मिटलेले होते. आणि दोन्ही हात अण्णांच्या गळ्यात होते."

मी घास हातात धरून बसलो. अण्णांचा पटका आठवला.

"अण्णांनी कधी..."

"अण्णा कशाला बोलतील? जावयाची अब्रू. मला म्हणाले होते, पोरी, कुणाला सांगू नको, गडी बाकी चांगला हाय."

"मग स्टिअरिंग?"

"फिरत होतं," कुसुम म्हणाली. "आपलं आपण. सावकाश."

एवढंच आहे. पायांचं मी अजून काहीतरी ओढूनताणून सांगू शकतो. स्टिअरिंगचं सांगता येत नाही. आता त्या घाटाला चांगला डांबरी रस्ता झालाय आणि आमच्या गाडीत एबीएसच काय, सगळंच आहे. तरी कुसुमच्या माहेरी जाताना घाटमाथ्यावर मी गाडी उभी करतो, उतरतो आणि एकेका चाकाला हात लावून बघतो. कुसुम आतून विचारते, "गरम हाय का गार?" मी "गार" म्हणतो आणि आम्ही उतरतो.

हे अमानवीय आहे का, ते तुम्ही ठरवा. मी दादारावांना भूत म्हणणार नाही. त्यांना ते पटणार नाही.